पाणी किती दिवसांआड?

माशाळ सरांनी मला हनोईत घर शोधून दिलं, असं माझी आई अख्ख्या गल्लीला सांगत असते. मी तिला शंभरदा सांगितलं, अगं, त्यांनी शोधून दिलं नाही. मी शोधलेली चार घरं मोडली आणि पाचवं माझ्या गळ्यात मारलं. पण सर गेल्यापासून आमच्या घरात त्यांच्याबद्दल वाकडा शब्द चालत नाही. म्हणून इथं लिहून काढतेय.

सर भवानी पेठेतल्या एका शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. आठवी ते दहावी मी त्यांच्या हाताखाली होते. उंच, काटकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा हाफ शर्ट, खिशात एक लाल आणि एक निळं पेन. घरात कन्नड, दारात मराठी आणि संताप आला की इंग्रजी. भेटेल त्याला पहिला प्रश्न एकच, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. सकाळी सातच्या प्रार्थनेलासुद्धा हेच. आम्ही आपलं "हो सर" म्हणून मोकळं व्हायचो, कारण "नाही" म्हटलं तर ते खरोखर डबा उघडून कडक भाकरीचा तुकडा हातावर ठेवायचे आणि तो चावून होईपर्यंत पहिला तास संपायचा.

इंग्रजीइतकीच त्यांची दुसरी ख्याती होती भाड्याचं घर बघण्याची. बाहेरगावाहून बदलून आलेला शिक्षक सरांना घेतल्याशिवाय घर बघायला जायचा नाही. म्हणजे त्याची इच्छा असो नसो, सर जायचेच. ओल कुठं आहे, ऊन कुठून येतं, गच्चीची किल्ली कुणाकडं, असलं काही ते विचारायचे नाहीत. चपला काढायच्या, खुर्चीत ताठ बसायचं आणि घरमालकाच्या डोळ्यांत बघून विचारायचं, "पाणी किती दिवसांआड येतं?"

सोलापूरच्या माणसाला ह्या प्रश्नाची किंमत सांगायला नको. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांआड येतं, पाच दिवसांआड येतं, उन्हाळ्यात देवाला माहीत. पाण्याच्या दिवशी बाई माहेरी जात नाही आणि पाहुणा आला तर त्याच्या हातात आधी पाइप देतात, मग चहा. सरांचं म्हणणं होतं, "भाडं सगळेच फुगवून सांगतात. शेजार चांगला हाय असं सगळेच म्हणतात. माणूस खरा का खोटा, ते पाण्यावर कळतंय. पाण्याचं खरं सांगणारा मालक बाकी कसला का असंना, त्याच्या घरात राहता येतंय की."

एकदा माळशिरसहून शिंदे नावाचे सर बदलून आले. जुळे सोलापूर ह्या नव्या वस्तीत त्यांना एक फ्लॅट पसंत पडला. मालकानं कौतुकानं सांगितलं, "पाण्याचं टेन्शनच नाही हो, रोज येतं." त्याबरोबर माशाळ सर उठले. समोर चहा ओतून ठेवलेला, तो तसाच राहिला. शिंदे सर जिना उतरताना हळहळत होते, "अहो, लई चांगला फ्लॅट होता की!" शेवटी बायकोच्या हट्टापुढं त्यांनी तोच घेतला. पहिले चार दिवस नळातनं नुसती हवा आली. दोन महिन्यांनी मालक म्हणाला, मुलीचं लग्न ठरलंय, घर खाली करा. चौकशी केली तर त्याला मुलगीच नव्हती. ह्या प्रकरणानं एक फार वाईट गोष्ट झाली. सरांचा स्वतःवर पूर्ण विश्वास बसला.

आता माझं. मी सरांच्याच वाटेनं गेले. इंग्रजीत एम.ए., बी.एड. आणि पुढं अकरा वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचा पगार, सुट्टीत ठणठण गोपाळ आणि दर जूनला पुन्हा नव्यानं अर्ज. चौतिशी गाठली तेव्हा म्हटलं, आता बस्स. "शिक्षक गोराच हवा" असं आडून आडून सांगणाऱ्या कितीतरी जाहिराती पालथ्या घातल्यावर हनोईतल्या एका भाषाकेंद्रानं मला घेतलं. अट एवढीच की, एकवीस दिवसांत तिथला राहण्याचा पत्ता कळवायचा. नाही कळवला तर परवान्याचे कागद अडणार आणि माझी जागा दुसऱ्याला जाणार. एकटीनं घर घेतलं तर अर्धा पगार त्यातच बुडाला असता. तिथं परदेशी शिक्षक घर वाटून घेतात. झोपायची खोली ज्याची त्याची, स्वयंपाकघर सगळ्यांचं. मलाही तसलीच एक खोली हवी होती. बाकी काही मागणं नव्हतं माझं.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "जा की. मी कुठं अडवायलेय? फक्त माशाळ सर हो म्हणतील तेच घर घे."

"आई, सर हैदराबादच्या पुढं गेले नाहीत अजून!"

"घर ते घरच असतंय. तितलं काय आन् हितलं काय."

मी "बरं" म्हणाले. तिथंच माझं चुकलं.

रविवारी सर आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत वही, खिशात दोन्ही पेनं. मी मोबाईल डब्याला टेकवून ठेवला, सरांनी खुर्ची ओढली आणि पहिलाच व्हिडिओ कॉल एका दलालाला लागला. खोली छान होती, खिडकीतून झाड दिसत होतं. सरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, जेवण झालं का विचारलं. मग घसा खाकरून शुद्ध इंग्रजीत विचारलं, नळाला पाणी किती दिवसांआड येतं? त्याला प्रश्न कळेना. सरांनी हळू, एकेक शब्द सोडवून पुन्हा विचारला. तो म्हणाला, "एव्हरी डे सर, ट्वेंटी फोर आवर्स."

सरांनी माझ्याकडं बघितलं, वहीत लाल पेनानं फुली मारली आणि "थँक यू फॉर युअर टाइम" म्हणून फोन बंद केला.

"सर! काय झालं?"

"ऐकलीस की. चोवीस तास म्हणायलाय. थोडी तरी लाज?"

"सर, तिथं खरंच येत असेल."

"अगं, एवढं मोठं शहर. एवढी माणसं. रोज कुठनं आणतील पाणी?"

मी कपाळाला हात लावला. आणखी दोन घरं त्याच दिवशी लाल फुलीनं गेली. दोघांनीही रोज पाणी येतं असं सांगायचा गुन्हा केला होता. मी सरांना इंटरनेटवरची माहिती काढून दाखवली. ते म्हणाले, "हे लिवणारा तितंच घर भाड्यानं देत असेल."

चौथं घर मात्र मी मनात घेऊन बसले होते. केटी नावाची दक्षिण आफ्रिकेची शिक्षिका तिथं राहत होती. तीन शिक्षिका, चौथी खोली रिकामी, माझ्या केंद्रापासून सात मिनिटं चालत. भाडं मला झेपणारं. मुलगी हसरी, मोकळी. मी आधीच तिला मेसेज करून ठेवला होता की, आमचे सर पाण्याबद्दल विचारतील, तर जरा सांभाळून घे. तिनं बिचारीनं सांभाळून घेणं म्हणजे नीट समजावून सांगणं असा अर्थ घेतला.

"एव्हरी डे, सर," ती म्हणाली. "आय प्रॉमिस."

सरांचा हात लाल पेनाकडं गेला. केटीला काय वाटलं कोण जाणे, ती मोबाईल घेऊन पळत स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ फुल्ल सोडून दाखवला. पाणी धो धो पडायला लागलं. मी आनंदानं सरांकडं बघितलं. आता काय बोलतात बघू.

सर खुर्चीतून अर्धे उठले आणि ओरडले, "क्लोज द टॅप! क्लोज द टॅप!" घाबरून तिनं नळ बंद केला. मग सर मला म्हणाले, "आज पाण्याचा दिवस असेल."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी तिला वर्गात उभं केल्यासारखं सुनावलं, "मॅडम, जो माणूस पाण्याबद्दल खोटं बोलतो, त्याच्यावर डिपॉझिटच्या बाबतीत विश्वास कसा ठेवायचा?" हे सगळं इंग्रजीत, व्याकरणाची एक चूक नाही. केटीचा चेहरा उतरला. ती "सॉरी, सर" म्हणाली. कशाबद्दल म्हणाली, तिलाही माहीत नसेल.

त्या दिवशी मी सरांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढं माझा आवाज चढला. "तुम्हाला काय जातंय? अकरा वर्षं मी दर जूनला हात जोडून उभी राहते. आता कुठं दार उघडलंय, तर तुम्ही पाणी पाणी करत बसलाय! सोलापूर म्हणजे जग नाही, सर!" आई स्वयंपाकघरातनं "सुजाता!" म्हणून ओरडली. सरांनी वही मिटली, चपला घातल्या, दारात वळून म्हणाले, "जेवून घे. रिकाम्या पोटी राग लई चढतो." माझा संताप आणखी वाढला. दोन दिवसांनी आईच्या मागं लागून कसाबसा होकार मिळवला आणि केटीला फोन केला, तर खोली गेली होती.

पत्त्याला सहा दिवस उरले. झोप उडाली. तेव्हा जॉय नावाच्या एका फिलिपिनो शिक्षिकेची जाहिरात दिसली. जुनं, अरुंद, चार मजली घर. खाली म्हातारी घरमालकीण, वर तिघी शिक्षिका. फोटो बघूनच मला नको वाटलं. चौथा मजला, बसनं चाळीस मिनिटं लांब, रात्री दहाला फाटकाला कुलूप. पण पर्याय कुठं होता? आईनं परस्पर सरांना बोलावून घेतलं.

जॉयनं मोबाईल म्हातारीसमोर धरला. बारीक, सुरकुतलेली, केसांचा अंबाडा, तोंडात दात मोजकेच. सरांनी तोंड उघडायच्या आत तिनंच तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. जॉय हसून म्हणाली, "ती विचारतेय, तुमचं जेवण झालं का?"

सर चमकले. खुर्चीत सरळ झाले. "झालं म्हणून सांग. त्यांचं झालं का विचार." म्हातारीचंही झालं होतं. काय जेवली, तेही विचारून झालं. मी घड्याळ बघत होते. शेवटी तो प्रश्न आलाच. पाणी किती दिवसांआड?

जॉयनं विचारलं. म्हातारीनं जरा विचार केला आणि हात हलवत लांबलचक उत्तर दिलं. जॉय सांगू लागली, "ती म्हणतेय, पाणी आहे, पण पंप जुना आहे. वीज गेली की चौथ्या मजल्यावर चढत नाही. सकाळी धारही बारीक असते. म्हणून ती भरून ठेवते." तोवर म्हातारीनं मोबाईलच हिसकावून घेतला, जिन्याखाली नेला आणि दाखवलं. निळं प्लास्टिकचं पिंप, वर लाकडी झाकण, झाकणावर पालथा तांब्या.

सरांनी कितीतरी वेळ ते पिंप बघितलं. मग निळं पेन काढून वहीत बरोबरची खूण केली. "ही बाई खरी हाय. हिचं घर घे."

घेतलं. दुसरं करणार काय? निघताना सरांनी माझ्या बॅगेत सोलापुरी चादर कोंबली, तीही म्हातारीसाठी. तिच्या वजनापायी माझी तीन पुस्तकं घरी राहिली.

हनोईत पहिल्या सकाळी नळ सोडला. पाणी आलं. दुसऱ्या दिवशी आलं, तिसऱ्या दिवशी आलं. धार बारीक, पण रोज आणि चोवीस तास. सहाव्या दिवशी मी बसमध्ये उभी राहून केटीच्या घरावरून जात होते तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. सात मिनिटं चालत! त्याऐवजी मी रोज दीड तास बसमध्ये घालवत होते आणि दहाच्या आत पळत सुटत होते, कारण म्हातारी कुलूप लावून फाटकामागं स्टूल टाकून बसायची. उशीर झाला की बोलणी खायची. भाषा कळत नव्हती, पण बोलणी कळायची. शिवाय रोज भांड्यात डोकावून बघणार, मी काय खाल्लं. मला तापानं गाठलं तेव्हा गुडघे धरत चार मजले चढून तांदळाची पेज घेऊन आली आणि वाटी रिकामी होईपर्यंत उशाशी बसून राहिली. पांघरायला तीच सोलापुरी चादर आणली होती. तेव्हाही मी मनातल्या मनात चिडलेच होते, की बाई, आता झोपू दे मला.

सरांचा फोन दर रविवारी यायचा. जेवण झालं का, मग लगेच, "पाणी?" पहिल्याच रविवारी मी खरं सांगणार होते. पण खरं सांगायचं म्हणजे तासभर वाद. म्हणून म्हटलं, "येतं सर, चार दिवसांआड." तिकडून समाधानाचा सुस्कारा ऐकू आला. "बघ, म्हणालो नव्हतो?" त्यानंतर दोन वर्षं मी दर रविवारी हेच सांगत राहिले. कधी पाच दिवसांआड, कधी धार बारीक. एकदा तर "ह्या आठवड्यात आलंच नाही" असंही ठोकून दिलं. सरांनी पिंपाचं झाकण घट्ट लावायला सांगितलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात, सुट्टीवर आले तेव्हा. नेमका पाण्याचा दिवस होता. हिवाळ्यात पडले होते म्हणून हातात काठी आलेली. एका हातानं काठी आणि दुसऱ्या हातानं पाइप धरून अंगणात पिंप भरत होते. मला बघून चेहरा फुलला. "ये, ये. ऊटा आयता?"

"सर, द्या तो पाइप. पडाल पुन्हा."

"असू दे गं. तू कशाला? तितं चार दिवसांआड पाणी भर, हितं सुट्टीत आली तरी पाणी भर!"

आणि मला काय झालं कुणास ठाऊक. प्रवासाचा शीण, ऊन, त्यांची ती काठी. मी पाइप ओढून घेतला आणि म्हणाले, "रोज येतं सर! चोवीस तास येतं! पहिल्या दिवसापासून येतंय! दोन वर्षं मी तुमच्याशी खोटं बोलतेय!"

सर कट्ट्यावर बसले. मी पाइप पिंपात सोडला. मला वाटलं, आता मला फाडून खातील. पण ते माझ्याबद्दल विचारच करत नव्हते.

"म्हणजे ती पोरगी खरं बोलत होती," ते म्हणाले. "नळ सोडून दाखवली, तरी मी तिला खोटी ठरवलो."

"जाऊ द्या सर. ती कधीच विसरली असेल."

"तिचा नंबर हाय का तुझ्याकडं? लाव."

मी नको नको म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी मेसेज लिहायचं ठरलं. त्यांनी सांगायचं, मी टाइप करायचं. "डिअर मॅडम" पासून सुरुवात. मी आपल्यावर पुराव्याशिवाय आरोप केला, माझं वय आणि माझं गाव हे त्याला कारण असू शकतं पण समर्थन नाही, आपण मला माफ करावं. शेवटी "युवर्स फेथफुली", खाली पूर्ण नाव, निवृत्त सहायक शिक्षक. मोबाईलवर कुणी असलं लिहितं का? पण मी मुकाट्यानं लिहिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम घालायला लावला, मग पाठवू दिलं.

पिंप अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात उत्तर आलं. केटीनं लिहिलं होतं, "ओ सर! मी रागावले नव्हतेच कधी. तुमच्या विद्यार्थिनीला मिळालं का शेवटी चांगलं घर?"

सरांनी वाचलं आणि मोबाईल माझ्याकडं दिला. "हे तुझं उत्तर हाय. तू लिव. खरं तेच लिव." मान खाली घालून ते काठीच्या टोकानं ओल्या फरशीवर रेघा ओढत बसले. माझं घर चुकीचं निवडलं का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

सांगण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं. चाळीस मिनिटं बस, चार मजले, दहाचं कुलूप. हे सगळं मी दोन वर्षं मनात घोकत आले होते. पण बोटं मोबाईलवर ठेवली आणि फाटकामागं स्टूल टाकून बसलेली म्हातारीच डोळ्यांपुढं आली. सुट्टीला निघाले त्या पहाटे तिनं मला परत कधी येणार ते बोटांवर मोजून दाखवायला लावलं होतं. मला एकदम रडू आलं. मी लिहिलं, "हो. मिळालं."

सरांनी हात पुढं केला. वाचलं. माझ्याकडं बघितलं.

"खरं लिवलीस?"

"खरं, सर."

"मग नळ बंद कर," ते म्हणाले. "पिंप भरून वाहायलंय."